टपावरची अँटेना

डायलिसिस सोडायचा विचार कॅझ विटकोव्स्कीने आधी मला बोलून दाखवला, बायकोला नाही. बायकोला, मायतेला, सांगायची त्याची हिंमत होत नव्हती.

मी त्यांच्या समोर राहते. मधे फक्त रस्ता. जुलैची दुपार होती, कॅझ त्याच्या व्हरांड्यात बसून पेल्यातले बर्फाचे तुकडे एकेक करून चघळत होता. पाणी प्यायची त्याला जवळजवळ बंदीच होती. तहान लागली की बर्फ. मी आमच्या झाडाचे जर्दाळू घेऊन गेले होते, तेही त्याला चालत नाहीत हे दारात पोचल्यावर आठवलं.

"ठेव, मायते खाईल," तो म्हणाला. "ग्लेना, मी आता पुरे करणार आहे."

"काय पुरे?"

"ते मशीन."

मी जर्दाळूंची पिशवी हातात धरून तशीच उभी. मशीन बंद केलं तर माणूस किती टिकतो हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. खाणीतल्या दोघांनी तसं केलं होतं.

"मायतेला सांगितलंस?"

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "ती मला मारून टाकेल."

आम्ही दोघं हसलो. मग तो हसायचा थांबला.

कॅझ मूळचा टोलीडोचा. ओहायोच्या त्या गावातले सगळे शेजारच्या डेट्रॉइटच्या बेसबॉल संघासाठी जीव टाकतात, तसा हाही. तरुणपणी इथे हार्करच्या तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून आला, मायतेच्या प्रेमात पडला आणि खाण बंद झाली तरी गेला नाही. मायते इथलीच. तिचा बाप समुद्रापलीकडून आलेला बास्क मेंढपाळ, डोंगरात मेंढ्यांमागे जन्म काढलेला. ती बुटकी, काटक, फटकळ. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मी शाळेची बस चालवायचे, त्यामुळे तिचा फटकळपणा मी रोज सकाळी कॉफीबरोबर पचवलाय. मूलबाळ नाही. कॅझची मूत्रपिंडं गेली तेव्हा तिने नोकरी सोडली, कारण त्याला डायलिसिससाठी एल्कोच्या दवाखान्यात न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. हार्करहून एल्को नव्वद मैल दक्षिणेला. आधी नदीच्या घळीतून वळणावळणाचा रस्ता, मग उघडं माळरान. सकाळी निघायचं, दुपारभर त्याच्या हातातल्या नसेत सुया खुपसून रक्त धुवून घ्यायचं आणि परत यायचं. जाताना कॅझ बरा असायचा. परत येताना बघवत नसे. पायात गोळे यायचे, मळमळायचं, ऑगस्टच्या उन्हातही तो घोंगडी पांघरून कुडकुडत असायचा. त्या परतीच्या वाटेवर त्याला एकच आधार होता, तो म्हणजे रेडिओवरचा सामना. तिकडे पूर्वेला संध्याकाळचा खेळ सुरू व्हायचा तेव्हा इकडे आमच्या रस्त्यावर चार वाजलेले असत. त्या रस्त्यावर फोनला सिग्नल नाही, साधा रेडिओ नुसता खरखरतो. पोचतो तो फक्त उपग्रहावरून येणारा सॅटेलाइट रेडिओ.

शेवटी त्याने मायतेला सांगितलं. तिने हातातलं भांडं सिंकमध्ये आपटलं त्याचा आवाज मी माझ्या घरात ऐकला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"मी पाया पडले त्याच्या. शब्दशः. जमिनीवर बसून पाय धरले," ती म्हणाली. "म्हटलं, माझ्यासाठी. तर म्हणतो, तुझ्यासाठीच इतकी वर्षं करतोय."

"मग?"

"मग म्हणाला, हंगाम संपेपर्यंत जाईन. हंगाम संपला की नाही." तिने नाक पुसलं. "त्याचा तो टुकार संघ. शेवटून पहिला आहे म्हणे. त्या टुकार संघाच्या जिवावर माझा नवरा जिवंत राहणार."

तर असा करार झाला. आणि त्यानंतर आठवड्याभरात रेडिओने दगा द्यायला सुरुवात केली.

खरं तर तो आधीपासूनच दगा देत होता, पण तोवर त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. कॅझ धडधाकट होता तेव्हा त्याने ते रेडिओचं यंत्र पिकअपमध्ये बसवलं होतं आणि त्याची अँटेना, काडेपेटीएवढी काळी चौकोनी डबी, समोरच्या काचेमागे आत चिकटवून टाकली होती. जाताना सगळं स्वच्छ ऐकू यायचं. परत येताना आवाज तुटायचा. माळरानावर दोन वाक्यं यायची, तिसरं गायब. घळीत शिरलं की सगळंच गप्प. मायतेने रेडिओ कंपनीला शिव्या घातल्या, हवामानाला घातल्या, यंत्रावर चापट्या मारल्या.

एका बुधवारी असं झालं की डेट्रॉइटचा संघ चक्क जिंकायच्या बेतात होता. नववा डाव, शेवटचे चेंडू, आणि कॅझ घोंगडीतून मान बाहेर काढून पुढे सरकून बसलेला. पिकअप घळीच्या तोंडाशी आली आणि आवाज गेला.

"थांबव," कॅझ म्हणाला.

"पुढे येईल परत."

"थांबव गाडी."

तिने थांबवली. तो उतरला, रस्त्याच्या कडेच्या लोखंडी कठड्यावर जाऊन बसला आणि घोंगडी डोक्यावरून घेतली. खाली नदी. मायते त्याच्यामागे गेली.

"कॅझ, चल. उन्हात बसू नकोस."

"नाही येत."

"म्हणजे काय नाही येत?"

"म्हणजे पुरे झालं. तू जा घरी. मी इथेच बसतो."

त्याचा आवाज चिडलेला नव्हता, ती मला नंतर म्हणाली. चिडला असता तर तिने भांडून गाडीत घातला असता. तो अगदी शांतपणे बोलत होता, जसं कुणी सांगावं की मी आता जरा पडतो. तिने त्याच्या काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. तो उठला नाही. ती रडली, ओरडली, त्याच्या आईची शपथ घातली. एक ट्रक गेला, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मदत हवी का म्हणून हात केला. तिने नको म्हणून हात हलवला आणि मग आपण नको का म्हटलं म्हणून तिला आणखी रडू आलं.

शेवटी ती त्याच्या शेजारी कठड्यावर बसली. "शुक्रवारपर्यंत मी हा रेडिओ नीट करते," ती म्हणाली. "नाही झाला, तर तू म्हणशील तसं. मी एक शब्द बोलणार नाही."

"तू आणि एक शब्द बोलणार नाहीस," कॅझ म्हणाला. पण उठला.

शुक्रवारी त्याला दवाखान्यातल्या मशीनच्या खुर्चीवर सोडून ती एल्कोतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेली. काउंटरवर ऑरिन नावाचा दाढीवाला माणूस होता. तिने रेडिओचं गाऱ्हाणं सांगितलं: जाताना येतो, येताना जातो.

"घर कुठे?" त्याने विचारलं.

"हार्कर."

"मग बरोबर आहे. हे उपग्रह दक्षिणेकडच्या आकाशात असतात, बाई. तुमची अँटेना पुढच्या काचेत. इकडे येताना तिचं तोंड त्यांच्याकडे. घरी जाताना तुम्ही पाठ फिरवता आणि मधे गाडीचा टप येतो. तिला दिसणार काय? तुमचं घर?"

"मग मी उलटी गाडी चालवत जाऊ?"

"चालवलीत तर मी बघायला येईन," ऑरिन म्हणाला आणि मग तिचा चेहरा बघून त्याने थट्टा आवरली. "अँटेना टपावर हवी. मधोमध. चारी बाजूंनी आकाश मोकळं."

त्याने तीन-चार प्रकार काढून ठेवले. एक माशाच्या पाठीवरच्या परासारखा, दिसायला झकास, पण टपाला भोक पाडावं लागणार आणि ते काम करणारा माणूस सुट्टीवर. एक आरशाच्या दांडीला बांधायचा, तो मोठ्या ट्रकचा. पिकअपच्या आरशावर लावला तर अर्धं आकाश टपाआडच जातं. एक मागच्या काचेवर चिकटवायचा, पण तिच्या काचांना ऊन अडवणारा थर होता आणि तो थर उन्हाबरोबर सिग्नलही अडवतो. चौथी साधी: छोटी काळी डबी, बुडाला लोहचुंबक. टपावर ठेवायची, वायर आत घ्यायची, झालं.

"ही," मायते म्हणाली.

दुकानाच्या आवारात तिने पिकअपची मागची फळी पाडली, मागच्या हौद्यात चढली आणि टपाच्या मधोमध डबी ठेवली. डबी घसरली. तिने पुसून परत ठेवली. परत घसरली. जागा बदलून ठेवली, दाबून ठेवली, उलटी करून बघितली. टप उन्हाने तव्यासारखा तापला होता, तळहात भाजत होते, आणि डबी प्रत्येक वेळी घरंगळत काचेवर येत होती. हौद्यात गुडघ्यांवर बसून ती हुंदके देऊन रडायला लागली. आत जाणारी-येणारी माणसं बघत होती.

ऑरिन बाहेर आला. त्याने स्वतः डबी टपावर ठेवली. घसरली.

"च्यायला," तो म्हणाला. "अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आहे हो ही. मी विचारायला हवं होतं. याला चुंबक जन्मात चिकटणार नाही."

"मग?"

त्याने आतून पोलादाची एक पातळ चकती आणली, एका बाजूला चिकटपट्टी लावलेली. आधी ही टपाला चिकटवायची आणि हिच्यावर चुंबक. "पण टप धुवून, स्पिरिटने पुसून, थंड असताना लावा. आणि उद्यापर्यंत गाडी हलवू नका. पट्टी मुरायला वेळ लागतो."

"माझ्याकडे उद्यापर्यंत वेळ नाही."

"बाई, रेडिओच आहे. दोन दिवस गाणी नाही ऐकली तर कुणी मरत नाही."

मायतेने ब्लाउजच्या बाहीने टपावरची धूळ पुसली, चकती दाबली, तिच्यावर डबी ठेवली, वायर खिडकीतून आत घेतली आणि काच वर केली.

कॅझ दवाखान्यातून बाहेर आला तो राखेच्या रंगाचा होऊन. त्याने टपाकडे बघितलं. "गाडीला टोपी घातलीस?"

"बस आत."

शहराबाहेर पडल्यावर तिने रेडिओ लावला. इतका स्वच्छ आवाज त्या गाडीत परतीच्या वाटेवर कधी आला नव्हता. मैदानातले प्रेक्षक ऐकू येत होते, शेंगदाणे विकणारा ऐकू येत होता. कॅझने डोळे मिटून घेतले. मायते मला म्हणाली, त्या वीसेक मैलांत मी देवाला जी काही वचनं दिली ती पाळायची झाली असती तर मला मठात जावं लागलं असतं.

माळरानावर वारा असतोच. एका उताराला टपावर टर्रकन आवाज झाला, चकती निसटून कुठल्या कुठे उडाली आणि डबी वायरीला लटकून मायतेच्या दारावर ठकठक आपटायला लागली. आवाज तुटला. पुढे घळ दिसत होती.

तिने गाडी थांबवली नाही. थांबवली तर तो उतरेल, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिने काच खाली केली, डावा हात बाहेर काढून वायर ओढली, डबी मुठीत धरली आणि हात वर करून ती टपावर दाबून धरली. चाक एका हातात. रेडिओ परत बोलायला लागला.

घळीतला तो रस्ता मी शाळेची बस घेऊन रोज चालवलाय. दोन्ही हातांनी चालवतानाही अंगावर काटा येतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नदी. मायतेने तो एका हाताने चालवला. दंड तापलेल्या पत्र्यावर टेकत होता. वळणावर चाक फिरवायला हात पुरत नव्हता तेव्हा ती गुडघ्याने चाक अडवायची.

"मायते, हात आत घे," कॅझ म्हणाला.

"सामना ऐक."

"आपण नदीत जाऊ."

"जाऊ. दोघं जाऊ. तुला काय फरक पडतो? तू तर निघालाच आहेस."

थोड्या वेळाने तिला दिसलं की त्याने पलीकडून हात लांब करून चाकाची खालची बाजू धरली आहे. सुया टोचलेला हात, पट्टी बांधलेला. तसे ते दोघं मिळून ती पिकअप चालवत गावात आले. माझ्या खिडकीतून मी बघितलं, मायतेचा हात टपावर आणि पिकअप बैलगाडीच्या वेगाने येतेय. मला वाटलं काहीतरी भयंकर झालंय. मी धावत गेले तर कॅझ म्हणाला, "हरलो. शेवटच्या डावात."

तिच्या दंडावर आतल्या बाजूने भाजल्याचा लांब लाल पट्टा उठला होता.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघींनी ते काम नीट करायला घेतलं. ऑरिनने तिला आणखी एक चकती देऊन ठेवली होती. पिकअप माझ्या झाडाच्या सावलीत घेतली. टप साबणाने धुतला, वाळवला, स्पिरिटने दोनदा पुसला. मधोमध, सगळ्या कडांपासून लांब, चकती लावून मी तिच्यावर माझं सगळं वजन टाकून दाबत राहिले. मायते म्हणाली, "तुझ्या वजनाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग होतोय." मी तिला स्पिरिटची चिंधी फेकून मारली.

कॅझ त्याच्या व्हरांड्यात पाठमोरा बसला होता. आमच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून.

वायर आत कशी न्यायची हा खरा प्रश्न होता. खिडकीच्या काचेत चेपली तर ती सोलवटते हे आम्हाला कळलं होतं. मी म्हटलं, पुढच्या काचेच्या कडेने, आतल्या प्लॅस्टिकच्या खांबातून खाली सोडू, जवळ पडेल. मी स्क्रू-ड्रायव्हर घालून ते प्लॅस्टिक उचकटायला लागले.

"त्याला हात लावू नका!"

कॅझ रस्ता ओलांडत होता. पायात सपाता, हातात बर्फाचा पेला. "त्या खांबात एअरबॅग आहे. फुटली तर ग्लेनाचं नाक एल्कोत जाऊन पडेल."

"तू बस तिकडे," मायते म्हणाली. "तुला कुठे रस आहे यात?"

"मला रस नाहीच. मला ग्लेनाच्या नाकाची काळजी आहे."

मग तो सांगत गेला आणि आम्ही करत गेलो. वायर टपावरून मागे न्यायची, मागच्या काचेच्या वरच्या रबराखाली दाबत कोपऱ्यापर्यंत, तिथून मागच्या दाराच्या रबरातून आत, मग दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढून तिच्याखालून पुढे. कुठेही काटकोनात वाकवायची नाही. उरलेल्या वायरीचं मोठं सैल वेटोळं करून सीटखाली ठेवायचं. थोड्या वेळाने त्याला आमची कामाची तऱ्हा सहन होईना. "सरका," म्हणाला आणि गाडीच्या दारात जमिनीवर बसून त्याने ते रबर स्वतःच्या बोटांनी बसवायला घेतलं. त्याची बोटं सुजलेली होती, थरथरत होती. पण काम करायला लागल्यावर ती थरथर कमी झाली, निदान मला तसं वाटलं. मायते त्याच्यामागे उभी होती. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

सोमवारी परतीच्या वाटेवर सामना घरापर्यंत आला. घळीत एका ठिकाणी, जिथे कातळ रस्त्यावर झुकलाय, तिथे तेवढा क्षणभर गप्प झाला आणि परत बोलायला लागला.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. डेट्रॉइटचा संघ हरत राहिला आणि कॅझ त्यांना शिव्या देत जगत राहिला. तो शिव्या देतोय म्हणून मायतेला आनंद व्हायचा. पण हंगामाचे दिवस सरत चालले तशी ती झोपेनाशी झाली. तिने बेसबॉलचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आणि दोन दिवसांनी फाडून टाकलं.

"बर्फावरची हॉकी असते ना हिवाळ्यात?" ती मला विचारायची. "त्याला नाही का गोडी लागणार?"

"विचार ना त्यालाच."

"विचारलं. म्हणाला, त्यापेक्षा मेलेला बरा." ती हसायचा प्रयत्न करायची आणि तिचं तोंड वाकडं व्हायचं.

हंगामातला शेवटचा सामना रविवारी होता. दवाखान्याचा दिवस नव्हता, पण रेडिओ पिकअपमध्येच; म्हणून ते दोघं अंगणात उभ्या पिकअपमध्ये जाऊन बसले. मी खिडकीतून बघत होते. सामना संपल्यावरही कितीतरी वेळ ते तसेच बसून होते.

सोमवारी सकाळी मायते घरातून बाहेरच येत नव्हती. त्याला काय विचारायचं, कसं विचारायचं. ती न्हाणीघरात नळ सोडून नुसती उभी होती, असं तिने मला नंतर सांगितलं. बाहेर आली तर कॅझ पिकअपमध्ये, पट्टा लावून.

"चल ना," तो म्हणाला. "उशीर होतोय."

तिने काही विचारलं नाही. परत येताना त्याने स्वतःच रेडिओ लावला. बाद फेरी सुरू झाली होती, कुठले तरी दुसरेच दोन संघ खेळत होते.

"यातला तुझा कुठला?" तिने विचारलं.

"एकही नाही. दोघांचाही राग येतो मला."

त्या संध्याकाळी मायतेने मला रस्त्यात गाठून मिठी मारली. अख्खा ऑक्टोबर आहे, म्हणाली. बाद फेरी महिनाभर चालते म्हणे. आणि एकदा महिना गेला की मग नाताळ येईल, नाताळात कुणी असं करतं का? तिने सगळं मनात मांडून ठेवलं होतं. मला वाटतं तिचा विश्वास बसला होता की त्या टपावरच्या डबीने तिचा नवरा धरून ठेवलाय. मीही तिला तसंच म्हणत होते.

मग एक बुधवार आला. डोंगरमाथ्यावर पहिलं बर्फ पडलं होतं. मायतेने घोंगडी घेतली, त्याचं सँडविच बांधलं. कॅझ स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता, बनियनवर.

"शर्ट घाल."

"आज नाही, मायते."

तिला आधी कळलंच नाही. "आज सामना आहे," ती म्हणाली. "अंतिम फेरीचा."

"असू दे."

"कोण जिंकतं ते बघायचं नाही तुला?"

"नाही गं."

ती ओरडली. तू शब्द दिला होतास, म्हणाली. तो म्हणाला, मी शब्द पाळला, वर थोडा जास्तच पाळला. तिने शर्ट आणून त्याच्या अंगावर फेकला. तिने त्याला स्वार्थी म्हटलं, भित्रा म्हटलं, त्याच्या मेलेल्या बापासारखा पळपुटा म्हटलं. शेवटी तिने किल्ली उचलली, बाहेर येऊन पिकअप सुरू केली आणि एकटीच निघून गेली. मी रस्त्यावर उभी होते. तिला माझं काही ऐकू गेलं नाही.

ती एल्कोला गेली. नव्वद मैल. नेहमीच्या वेळी दवाखान्यात पोचली आणि कॅझची खुर्ची होती तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिथली परिचारिका, टेरेसिता तिचं नाव, तिने दाराकडे बघितलं, मग मायतेकडे.

"कॅझ कुठाय?"

"घरी."

"तब्येत बिघडली?"

"नाही. तो येणार नाही." आणि मग मायते म्हणाली, "मला लावा. माझ्या हाताला लावा. खुर्ची रिकामी ठेवू नका."

टेरेसिताने तिला बाहेर नेऊन बाकावर बसवलं. तिचे दोन्ही हात धरून ती शेजारी बसून राहिली. कॅझ तिला जूनमध्येच हे बोलला होता, असं तिने सांगितलं. मायतेच्याही आधी, माझ्याही आधी. "तो दर खेपेला यायचा तेव्हा म्हणायचा, अजून मायतेची तयारी झाली नाही," टेरेसिता म्हणाली. "मी त्याला सांगायचे, ती कधीच होणार नाही. तर म्हणायचा, बघू." मग तिने पुढे काय काय होईल ते सांगितलं, घरी कुठली परिचारिका येईल, दुखलं तर काय द्यायचं. मायतेने ऐकलं.

इकडे मी कॅझपाशी बसले होते. दुपार टळली तसा तो घाबरायला लागला. "ती घळीत तर नाही ना..." असं अर्धं बोलायचा आणि थांबायचा. इतके दिवस मरणाबद्दल एवढा शांत असलेला माणूस, रस्त्याकडे बघून त्याच्या कपाळावर घाम आला होता.

पिकअप आली. मायते उतरली. कॅझ दारात उभा, भिंतीला धरून.

"कुठे गेली होतीस?"

"तुझ्या डायलिसिसला."

"कोण जिंकलं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मायते म्हणाली. "रेडिओ चालू होता. माझं लक्ष नव्हतं."

कॅझ हसला, आणि हसता हसता त्याला बसावं लागलं. ती त्याच्यासमोर बसली. मी निघायला उठले तेव्हा तो म्हणत होता, "मायते, एक पेला पाणी दे. पूर्ण भरून."

ती उठली. नळ बराच वेळ सोडून ठेवून, गार पाणी येईपर्यंत थांबून, तिने काठोकाठ पेला भरला. तो त्याने एका दमात नाही प्यायला. घोटघोट, मधे थांबून, डोळे मिटून. तीन वर्षांत त्याने असं पाणी प्यायलं नव्हतं. तिने दुसरा भरून दिला.

पुढचे दिवस तिने त्याला मागेल ते खायला घातलं. लाल बीन्स आणि सॉसेज, टोमॅटो, बटाटे, खरबूज, जे जे बंद होतं ते सगळं. सुरुवातीला तो खायचा. मग दोन घास. मग नुसता वास घ्यायचा. पाय सुजले, श्वास जड झाला, घरी येणारी परिचारिका औषध देऊन त्याला झोपवायला लागली. मायते एकदाही परत त्याच्याशी भांडली नाही. एका सकाळी ती माझ्या दारात आली, पायात त्याच्या सपाता, आणि म्हणाली, "ग्लेना, चल. तो गेलाय, आणि मला त्याला शर्ट घालता येत नाहीये."

आम्ही दोघींनी घातला.

त्याला इथल्याच दफनभूमीत पुरलं. टोलीडोहून कुणी आलं नाही, यायला कुणी उरलंच नव्हतं. खाणीतले जुने लोक आले, ऑरिन आला, टेरेसिता सुट्टी घेऊन आली. वारा इतका होता की पाद्र्याचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

नाताळनंतर मायते शाळेच्या स्वयंपाकघरात परत कामाला लागली. सुरुवातीला मुलं कुरकुर करायची की मायतेबाईंचं जेवण अगदी अळणी असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी इतकी वर्षं शिजवून तिचा हात आता मिठाच्या डब्याकडे जातच नाही. तिला कुणी काही बोलत नाही. तिची पाठ वळली की दुसऱ्या बायका पातेल्यात मूठभर मीठ टाकतात.